धुक्याला पाटकरी हवा

चुंगुंगो हे चिलीच्या किनाऱ्यावरचं मच्छीमारांचं गाव. पाऊस नावापुरता. पाणी यायचं टँकरने, आणि वाटून माणशी दिवसाला साधारण १४ लिटर पडायचं. टँकरच्या रांगेत ज्याने कधी हंडा धरला आहे, त्याला १४ लिटर म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. पिणं, स्वयंपाक आणि भांडी एवढ्यातच ते संपतं.

१९९२ साली हे गाव धुक्याचं पाणी पिऊ लागलं. गावामागे एल तोफो नावाचा डोंगर आहे, वर लोखंडाची बंद पडलेली खाण. त्या माथ्यावर सुमारे ७८० मीटर उंचीवर १९८७ पासून जाळ्या उभ्या राहत होत्या. चिलीच्या कॅथलिक विद्यापीठातल्या भूगोलतज्ज्ञ पिलार सेरेसेदा आणि कॅनडाचे ढगांचे अभ्यासक रॉबर्ट शेमेनॉवर यांचं त्यामागे काम होतं. पैसा कॅनडाच्या आंतरराष्ट्रीय विकास संशोधन केंद्राचा. प्रत्येक जाळी १२ मीटर लांब आणि ४ मीटर उंच, म्हणजे ४८ चौरस मीटरची. अशा ७५ जाळ्या. एका चौरस मीटरमागे दिवसाला सरासरी ३ लिटर धरा आणि हिशेब मांडा: जवळजवळ ११,००० लिटर. गावात माणसं ३३०. माणशी ३३ लिटर झाले. पंप नाही, वीज नाही, पाणी उतारानेच गावापर्यंत येत होतं. लोकांनी परसात भाजी लावली, झाडं लावली.

दहा वर्षांनी तिथे पुन्हा टँकर येत होता.

मला या लेखात बोलायचं आहे ते या दहा वर्षांबद्दल. धुक्यातून पाणी काढता येतं का, हा प्रश्न आता प्रश्नच राहिलेला नाही. येतं. ज्या प्रश्नाचं उत्तर अजून फार थोड्या ठिकाणी दिलं गेलं आहे तो वेगळा आहे: फाटलेली जाळी शिवायला डोंगरावर कोण जाणार, आणि त्याला पगार कोण देणार? माझं म्हणणं असं की धुक्याचं पाणी हा प्रयोग, देणगी किंवा उपक्रम म्हणून चालवायचं थांबवावं. जिथे ते खरोखर मिळतं तिथे त्याला सार्वजनिक पाणीपुरवठ्याचा दर्जा द्यावा आणि अंदाजपत्रकात जाळीच्या खर्चाच्या आधी माणसाच्या पगाराची तरतूद करावी.

आधी हे पाणी येतं कुठून ते पाहू, कारण त्यातच त्याची ताकद आहे आणि मर्यादाही. चिली-पेरूच्या किनाऱ्याला लागून हम्बोल्ट हा थंड सागरी प्रवाह वाहतो. समुद्रावरची हवा त्याने गार होते, वर मात्र उबदार हवेचं झाकण बसलेलं असतं. त्या झाकणाखाली ढगांचा एक पसरट थर तयार होतो. तो वर चढू शकत नाही, म्हणून त्यातून पाऊस पडत नाही. वारा तो थर किनाऱ्याकडे ढकलतो आणि किनाऱ्यालगतचे सहाशे ते हजार मीटर उंचीचे डोंगर तो अडवतात. डोंगरावर उभ्या असलेल्या माणसाला हा ढग म्हणजे धुकं. तिथले लोक त्याला कामानचाका म्हणतात. चिलीतल्या आरिका शहरात वर्षाला सरासरी एक मिलिमीटरही पाऊस पडत नाही, आणि त्याच देशात फ्राय होर्हेच्या डोंगरमाथ्यावर कोरड्या रानाच्या मधोमध या धुक्यावर एक हिरवंगार जंगल तगून आहे. झाडांची पानं हे काम माणसाच्या कितीतरी आधीपासून करत आली आहेत.

एक घनमीटर धुक्यात पाणी किती असतं? अर्धा ग्रॅमसुद्धा क्वचित. थेंब इतका बारीक की तो खाली पडतच नाही, वाऱ्याबरोबर आडवा वाहत जातो. म्हणून ताट-परात मांडून धुकं गोळा होत नाही. त्याच्या वाटेत काहीतरी उभं करावं लागतं. वारा धाग्याला वळसा घालून जातो. थोडा जड थेंब तेवढ्या चपळाईने वळू शकत नाही, तो धाग्यावर आपटतो आणि चिकटतो. असे थेंब एकमेकांत मिसळून मोठे झाले की घरंगळत खालच्या पन्हळीत येतात. पन्हळीतून नळीत, नळीतून टाकीत. जाळी कसली? रोपवाटिकेवर आणि ढोबळी मिरचीवर आपले शेतकरी टाकतात तीच शेडनेट, साधारण ३५ टक्के सावलीची, दोन थर एकमेकांवर ठेवून. थर वाऱ्याने एकमेकांवर घासतात आणि थेंब झटकले जातात.

यावरून हेही कळेल की दिल्लीच्या डिसेंबरातल्या धुक्याला जाळी लावून उपयोग नाही. ते धुकं जमिनीवर साचून बसतं, वारा नसतो, आणि त्यात शहराचा धूर मिसळलेला असतो. पाणी देणारं धुकं वाहतं असावं लागतं.

आता चुंगुंगोत काय बिघडलं? पाणी आल्यावर गाव वाढलं. ३३० माणसांचं गाव सहाशेच्या घरात गेलं, उन्हाळ्यात पाहुणे वाढले, परसबागा वाढल्या. जाळ्या त्या प्रमाणात वाढल्या नाहीत. वाऱ्याने जाळी फाटत होती आणि डोंगर चढून ती शिवण्याचं काम गावाच्या समितीवर आलं होतं. समितीकडे त्यासाठी ना पुरेसा पैसा होता, ना कायमचा माणूस. प्रकल्पाचा काळ संपला तसे संशोधक आणि निधी देणारे बाजूला झाले. आणि गावाच्या मनात हे पाणी पहिल्यापासून तात्पुरतं होतं. खरं पाणी म्हणजे नळाचं, सरकारने दिलेलं, शहरात असतं तसं. नळ येईल अशी आशा होती, मग फाटकी जाळी कशाला शिवायची? येरे माझ्या मागल्या, टँकर परत आला.

या घटनेचा अर्थ लावताना काही जण गावाला दोष देतात: आयतं मिळालं, जपता आलं नाही. हे मला अजिबात पटत नाही. मुंबई-पुण्यात पाइप फुटला तर सोसायटीतले लोक कुदळ घेऊन रस्त्यावर उतरत नाहीत. महापालिकेचा माणूस येतो, त्याला पगार असतो, त्याच्यामागे एक खातं असतं. मग किनाऱ्यावरच्या कोळ्याने, ज्याचं पोट पहाटेच्या होडीवर आहे, त्याने सातशे-आठशे मीटर चढून जाळी शिवावी आणि तीही फुकट, ही अपेक्षा कोणत्या न्यायाने करायची? शहराला पाणी म्हणजे हक्क आणि खेड्याला पाणी म्हणजे श्रमदान, असा हा भेद आहे. ‘लोकसहभाग’ या चांगल्या शब्दाच्या आड तो कितीतरी वर्षं लपलेला आहे. सहभाग निर्णयात हवा. देखभालीचा बोजा गरिबाच्या माथी मारणं म्हणजे सहभाग नव्हे.

या विषयावर जे लिहिलं-बोललं जातं, त्यात मात्र फार मोठी जागा नव्या जाळ्यांनी व्यापलेली असते. नामिब वाळवंटातला एक काळा किडा पहाटे वाळूच्या टेकडीच्या कडेवर डोकं खाली करून उभा राहतो, पाठीवर धुकं साठतं आणि पाणी तोंडात ओघळतं. हे १९७६ साली शास्त्रज्ञांनी नोंदवलं. २००१ साली दुसऱ्या एका किड्याच्या पाठीवरच्या उंचवट्यांवर शोधनिबंध आला आणि तशी पाठ कारखान्यात बनवण्याची चढाओढ सुरू झाली. पुढे २०१० साली किड्यांवर प्रत्यक्ष प्रयोग झाले, तेव्हा डोकं खाली करण्याची सवय त्या पहिल्या जातीतच दिसली. संशोधन वाया गेलं असं मी म्हणत नाही. अमेरिकेतल्या एमआयटी संस्थेच्या गटाने चिलीतल्या संशोधकांबरोबर २०१३ साली दाखवून दिलं की विरळ धुक्यात नेहमीची जाळी उपलब्ध पाण्यापैकी जेमतेम २ टक्के पकडते आणि धागा बारीक केला, त्यावर योग्य लेप दिला तर ते प्रमाण १० टक्क्यांपर्यंत नेता येईल. पाचपट पाणी म्हणजे लहान गोष्ट नाही. पण एल तोफोवरच्या जाळ्या पाणी कमी पकडत होत्या म्हणून त्या पडल्या नाहीत. त्या फाटल्या आणि कुणी शिवल्या नाहीत. पाचपट पाणी देणारी जाळीसुद्धा फाटल्यावर शून्य लिटर देते. नव्या जाळीसाठी निधी मिळतो, पुरस्कार मिळतो, उद्घाटनाला माणसं येतात. सुई-दोऱ्यासाठी काहीच मिळत नाही.

चारशे वर्षांपूर्वीच्या माणसांना हे कळलेलं होतं. आफ्रिकेच्या किनाऱ्यासमोर कॅनरी बेटं आहेत. त्यातल्या एल इएर्रो बेटावर गारोए नावाचं एक मोठं झाड होतं. समुद्रावरून दरीत शिरणारं धुकं त्याच्या पानांवर जमायचं, खाली खोदलेल्या टाक्यांत ठिबकायचं आणि बेटावरची माणसं ते प्यायची. १६१० साली वादळात ते झाड पडलं. त्याच्या आधीच्या, सोळाव्या शतकाच्या अखेरच्या वर्णनात मला झाडापेक्षा एका माणसाचा उल्लेख मोलाचा वाटतो. त्या झाडासाठी बेटाच्या मंडळाने एक राखणदार नेमला होता. त्याला राहायला घर होतं आणि ठरलेला पगार होता. रोज प्रत्येक कुटुंबाला सात घडे पाणी मोजून द्यायचं, हे त्याचं काम. बेटावरच्या बड्या मंडळींना त्याहून वेगळं पाणी जायचं, हेही त्याच वर्णनात आहे. अन्याय तेव्हाही होताच. पण राखणदाराशिवाय झाड ठेवायचं नसतं, एवढं व्यवहारज्ञान त्या बेटाला होतं.

हे वाचताना मला खानदेशातली फड पद्धत आठवली. पांझरेसारख्या नद्यांवर दगडी बंधारे बांधून शेकडो वर्षं गावांनी पाणी वाटून घेतलं. बंधारे अजून पाहायला मिळतात, त्यांचं कौतुकही होतं. पण ती व्यवस्था टिकली ती बंधाऱ्यामुळे नव्हे, पाटकऱ्यामुळे. कोणत्या फडाला कधी पाणी सोडायचं, पाट कुठे फुटला, कोण पाळी सोडून पाणी घेतंय हे तो बघायचा आणि त्याचा मोबदला शेतकऱ्यांनी द्यायचा हे ठरलेलं होतं. पाटकरी म्हणजे गावाचा सेवाभावी कार्यकर्ता नव्हता. ते काम होतं आणि कामाला दाम होता. धुक्याला असाच पाटकरी हवा.

असा पाटकरी आजच्या काळात शक्य आहे का? नैर्ऋत्य मोरोक्कोत सिदी इफ्नीजवळ बुत्मेझगिदा नावाचा सुमारे सव्वाबाराशे मीटरचा डोंगर आहे. तिथल्या आइत बाआम्रान या अमाझिग लोकांच्या वस्त्यांमध्ये बायका-मुलींचे दिवसाचे साडेतीन-साडेतीन तास पाणी आणण्यात जायचे. गणिताचे अभ्यासक ऐसा देर्हेम यांचं मूळ याच भागातलं. धुक्याचं पाणी काढतात हे त्यांना कॅनडात असताना समजलं. त्यांनी आणि जमिला बार्गाश यांनी दार सी हमाद या संस्थेतर्फे आधी कित्येक वर्षं नुसतं मोजमाप केलं: धुकं किती दिवस असतं, वारा कुठून येतो. मार्च २०१५ मध्ये, जागतिक जलदिनाच्या सुमारास, ६०० चौरस मीटर जाळ्यांमधून पाच वस्त्यांतल्या सुमारे ४०० माणसांच्या घरात नळाने पाणी आलं. दुसऱ्या वर्षी संयुक्त राष्ट्रांच्या हवामान विभागाने या कामाचा गौरव केला.

पुरस्कारापेक्षा तिथल्या तीन बारीक गोष्टी मला महत्त्वाच्या वाटतात. एक, पाणी डोंगराखालच्या सार्वजनिक टाकीशी सोडून दिलं नाही, घरापर्यंत नेलं आणि मीटर बसवले. माणसं पाणीपट्टी भरतात, म्हणून नळ बंद पडला तर तक्रार करण्याचा अधिकारही त्यांना वाटतो. दुसरी, पहिल्या जाळ्या तिथल्या सोसाट्याच्या वाऱ्याने फाटल्या, तेव्हा काम गुंडाळलं नाही; जर्मन अभियंत्याबरोबर बसून जास्त मजबूत, रबरी ताणांवर बसवलेली जाळी आणली आणि तिच्यावर देखरेखीला माणसं ठेवली. तिसरी गोष्ट बायकांची आहे. आजवर पाण्याचं राखण बायकांच्या हातात होतं. कष्टाचं असलं तरी घरात त्याला मान होता. नळ आला आणि कारभार पुरुषांकडे गेला, हे अनेक देशांत घडलं आहे. इथे संस्थेने बायकांना मोबाइलवरून संदेश पाठवायला शिकवलं. गळती, बंद नळ, कमी दाब याची खबर त्या द्यायच्या. लिहिता न येणाऱ्यांसाठी चिन्हं ठरवून दिली. दुरुस्तीचं चक्र फिरतं ते अशा खबरीवर.

पण ही संस्था आहे, सरकार नाही. तिचा निधी आटला तर काय, याचं उत्तर त्या डोंगरावर मिळत नाही. म्हणून मी सार्वजनिक पाणीपुरवठ्याच्या दर्जाचा आग्रह धरतो आहे.

याला गंभीर आक्षेप आहेत आणि ते टाळून पुढे जाणं बरोबर नाही. पहिला म्हणजे समुद्राचं पाणी गोडं करण्याचा. चिलीचं अँतोफागास्ता शहर बहुतांशी अशाच पाण्यावर जगतं. एस्कोन्दिदा या जगातल्या सर्वांत मोठ्या तांब्याच्या खाणीने तर सेकंदाला २,५०० लिटर क्षमतेचा प्रकल्प उभारला. त्यापुढे चौरस मीटरला तीन लिटर म्हणजे काय? लाखो माणसांच्या शहराला धुकं पुरणार नाही, हे मला मान्यच आहे. पण तो प्रकल्प समुद्रकाठी असतो, त्याला सतत वीज लागते आणि पाणी डोंगरावर चढवण्याचा खर्च वेगळा. डोंगरमाथ्याजवळच्या तीनशे माणसांच्या वस्तीपर्यंत ती नळवाहिनी कोणी टाकत नाही. ती वस्ती टँकरवरच राहते. तुलना करायचीच तर धुक्याची टँकरशी करावी.

दुसरा आक्षेप हंगामाचा. पेरूची राजधानी लिमात धुकं साधारण जून ते नोव्हेंबर असतं. मोरोक्कोच्या त्या डोंगरावर वर्षाचे सुमारे १४० दिवस. मग उरलेले दिवस? साठवण हवी, जोडीला दुसरा स्रोत हवा. लिमाच्या टेकड्यांवरच्या वस्त्या नळाच्या कित्येक पट भावाने टँकरचं पाणी विकत घेतात. तिथे जाळीचं पाणी भाजीला, झाडांना, धुण्याला वापरलं तरी विकतचं पाणी पिण्यापुरतं घ्यावं लागतं. धूळ आणि हवेतले धातू यांमुळे शहराजवळचं धुक्याचं पाणी तपासल्याशिवाय पिऊ नये, हेही खरं आहे.

तिसरा आक्षेप मला सगळ्यांत जड वाटतो: धुक्याची जाळी देऊन सरकार नळाच्या जबाबदारीतून सुटतं. गरिबाला जाळी, श्रीमंताला नळ. हा धोका खराच आहे, आणि त्यावरचा उपाय म्हणजे जाळीचं पाणी नळानेच घरात यावं, तपासून यावं, त्याच खात्याने आणावं. चुंगुंगोच्या लोकांना नळ हवा होता यात चूक काय होतं? त्यांना धुकं नको नव्हतं. तात्पुरतं, दुसऱ्या दर्जाचं पाणी नको होतं.

आणखी एक मुद्दा आहे, त्याची चर्चा फार कमी होते. चिलीत १९८१ च्या जलकायद्याने पाण्याचे हक्क जमिनीपासून वेगळे केले. ते विकता-विकत घेता येऊ लागले. २०२२ च्या दुरुस्तीने माणसाच्या गरजेला अग्रक्रम दिला, पण आधीची चार दशकं नद्यांचं आणि भूजलाचं काय झालं ते तिथल्या शेतकऱ्यांना विचारावं. धुकं या हिशेबात धरलं गेलं नव्हतं, कारण त्याची किंमत कुणाला ठाऊक नव्हती. अँतोफागास्तातले भौतिकशास्त्रज्ञ कार्लोस एस्पिनोसा यांनी १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला धुकं पकडण्याच्या साधनाचं पेटंट घेतलं आणि ते विद्यापीठाला देऊन टाकलं, सगळ्यांना वापरता यावं म्हणून. आता जाळ्या सुधारत आहेत, पाण्याची किंमत वाढते आहे. ज्या कड्यांवर धुकं आदळतं ते कडे मोजके आहेत. ते कुणाच्या मालकीचे होतील? मोल कळण्याआधीच हे माथे सामाईक म्हणून राखून ठेवावेत. गायरानाचं काय होतं हे आपण पाहिलेलं आहे.

आपल्याकडे हे करता येईल का, असं कुणीही विचारेल. विदर्भात तुरीच्या फुलोऱ्यावर धुवारी पडली की शेतकऱ्याच्या पोटात गोळा येतो; कोकणात मोहोराच्या दिवसांत धुक्याची धास्ती असते. सह्याद्रीच्या माथ्यावर वाहतं, दाट धुकं असतं, पण ते जून ते सप्टेंबरमध्ये, जेव्हा आंबोली-महाबळेश्वरात पावसानेच पन्हळी भरून वाहतात. टँकर लागतात एप्रिल-मेमध्ये, तेव्हा आकाश कोरडं असतं. मराठवाड्याच्या तहानेवर धुक्याची जाळी हा उपाय नाही, आणि तसं सांगणाऱ्यापासून सावध राहावं. कच्छमध्ये पत्र्यांवर दंव गोळा करण्याचं चांगलं काम गिरजा शरण यांनी केलं, पण ते दंवाचं. त्याचं प्रमाण आणखी कमी असतं. चुंगुंगोतून आपण घ्यायचं ते जाळीबद्दल नाही. टाकी उभी आहे, घरोघर तोट्या बसल्या आहेत, पण वीजबिल थकलं, मोटार जळली आणि पाणी सोडणाऱ्या माणसाचा पगार कित्येक महिने झाला नाही, अशी गावं सांगायला आपल्याला चिलीला जावं लागत नाही.

फेब्रुवारी २०२५ मध्ये चिलीतल्या संशोधकांनी आल्तो ओस्पिसिओ या वाळवंटातल्या शहराबद्दल एक अभ्यास प्रसिद्ध केला. तिथल्या झोपडवस्त्यांत नळजोडणी जवळजवळ नाहीच, पाणी टँकरचं. शहराबाहेरच्या उंच भागात चौरस मीटरला दिवसाला सरासरी अडीच लिटर धुक्याचं पाणी मिळू शकतं, आणि १७,००० चौरस मीटर जाळ्या लावल्या तर या वस्त्यांची आठवड्याची ३,००,००० लिटरची गरज भागेल, असा त्यांचा हिशेब आहे. हिशेब बरोबर जुळतो, आणि ही जाळ्यांची योजना प्रत्यक्षात यावी असं मला मनापासून वाटतं.

एल तोफोच्या मापाने १७,००० चौरस मीटर म्हणजे साडेतीनशेहून जास्त जाळ्या होतात. त्या योजनेचा आराखडा निघेल तेव्हा जाळीचा धागा किती बारीक आहे हे मी नंतर वाचेन. साडेतीनशे जाळ्यांवर रोज फिरणारी माणसं किती, त्यांना महिन्याला काय मिळणार, तो पैसा कोणत्या खात्यातून येणार आणि पुढच्या वर्षीही येणार का, हे मला आधी पाहायचं आहे.